एक सोय वाढवून

चाकांच्या खुर्चीचा उजवा हात डाव्यापेक्षा अठरा मिलिमीटर उंच होता. नुसत्या डोळ्यांना हा फरक सहज दिसत नसे. लोखंडी नळी आणि तिच्यावरची गादी यांच्या मध्ये कुणीतरी लाकडाची एक पट्टी बसवली होती. तिच्या कडा घासून गोल केल्या होत्या आणि स्क्रूंची डोकी लाकडात इतकी आत घेतली होती, की तळहात फिरवला तरी कुठे अडखळत नसे.

धाकटीने हा फरक मोजला त्याला कारण होतं. बसच्या पायरीवरून घसरून ताईचं खुब्याचं हाड मोडलं, ते जुळलं, पण गुडघ्यांनी कायमची रजा घेतली. त्यातून डावा खांदा पहिल्यापासूनच अधू. दवाखान्यातल्या खुर्चीतून तिला दोघांनी उचलावं लागायचं. आणि ही खुर्ची घरी आली त्याच आठवड्यात एका सकाळी ताई आपली आपण उठून खिडकीशी उभी होती. धाकटी जन्मभर कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती. ताई उठली याचा आनंद तिला झालाच, पण ती उठली कशी, हे कळेपर्यंत तिला चैन पडेना. तिने ताईला पुन्हा बसवलं, पुन्हा उठवलं, आणि मग मोजपट्टी आणली. तेव्हापासून ताई तिला मोजपट्टीच म्हणायला लागली.

अठरा मिलिमीटर म्हणजे काही फार नाही. पण ताईच्या बाबतीत उठणं आणि न उठणं यांच्यात अंतर होतं ते तेवढंच.

खुर्ची दोघींच्या मालकीची नव्हती, मंडळाची होती. मंडळाचं काम सरळ होतं. ज्यांच्या घरी आजारपण आहे त्यांना वर-खाली होणारे पलंग, चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर, हवेच्या गाद्या वापरायला द्यायच्या, तेही फुकट आणि गरज असेल तोवर. अनामत नाही, जामीन नाही. अट एकच होती. वस्तू परत करताना तिच्यात एक सोय वाढवून द्यायची.

ही अट कुणी बसून ठरवली नव्हती, ती आपसूक पडत गेली. मंडळ नवं असताना एका न्हाव्याने नेलेल्या कुबड्या परत आणल्या, तेव्हा काखेत रुततात म्हणून वरच्या दांड्यांना त्याने जुन्या गादीचं कापड शिवून टाकलं होतं. पुढे त्याच कुबड्या नेणाऱ्या बाईने मुठींना बोटांपुरत्या खाचा पाडून घेतल्या. तिच्यानंतरच्याने खाली जाड रबर बसवलं. मग डॉक्टर म्हणाले की हे आपण प्रत्येकालाच सांगू या. ज्याला जिथे टोचलं, त्याने तिथे पुढच्यासाठी मऊ करून ठेवायचं. डॉक्टर म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, हाडांचे डॉक्टर, आता निवृत्त.

सगळ्याच सोयी सोयीच्या निघाल्या असं नाही. एका हौशी जावयाने सासऱ्यांच्या वॉकरला छत्री जोडून दिली होती. पुढच्या आजोबांनी तो वॉकर वाऱ्याच्या दिवशी बाहेर काढला आणि ते फाटकापाशी अपेक्षेपेक्षा बरेच लवकर पोहोचले. छत्री काढून टाकली. पण बाकीचं टिकलं. पलंगाला दाताच्या कवळीपुरता कप्पा, कमोडच्या खुर्चीला वर्तमानपत्राचा खिसा, कुबडीला बॅटरी. ताईच्या खुर्चीच्या हाताखाली ती लाकडी पट्टी होती. शिवाय सायकलवाल्याने लांब केलेला ब्रेकचा दांडा होता, शिंपिणीने पाठीमागे शिवलेली पिशवी होती, आणि कुण्या ड्रायव्हरने लावलेला छोटा आरसा होता. मागे कोण उभं राहून आपल्याबद्दल काय खुणा करतंय ते ताईला त्यात बसल्या जागी दिसायचं.

मंडळ आता बंद होणार होतं. त्यात रडण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणायचे, आणि ते खरंच होतं. काम करणारे पाचच उरले होते. डॉक्टर, हिशेबनीस, सिस्टर, सुतारकाका आणि चिटणीस म्हणून धाकटी. पाचांचीही पलंग उचलायची ताकद गेली होती. सुतारकाका म्हणाले, आता देणारेही आपणच आणि नेणारेही आपणच, अशी पाळी येण्याआधी दुकान आवरलेलं बरं. छापखान्यामागची जी खोली मंडळ वापरत होतं, तिचं भाडं छापखान्याच्या मालकाने जन्मात कधी घेतलं नव्हतं. तो गेल्यावर मुलांना जागा हवी झाली, तरी ती पोरंही गप्प राहून वाट बघत होती. अशा माणसांना आणखी ताटकळत ठेवणं धाकटीला बरं वाटेना. महिनाअखेर खोली मोकळी करून द्यायची असं तिनेच त्यांना सांगून टाकलं.

राहिला प्रश्न वस्तूंचा. हिशेबनिसाने मंडळाची घटना काढून सगळ्यांना समजावलं. असं मंडळ मोडताना मालमत्ता सभासदांत वाटायची नसते. तशाच कामाच्या दुसऱ्या नोंदलेल्या संस्थेला ती द्यायची, आणि कुणाला द्यायची ते समितीने बहुमताने ठरवायचं. मतं समसमान पडली तर अध्यक्षांचं मत निर्णायक. "एक खिळासुद्धा घरी न्यायचा नाही," असं म्हणून त्याने सुतारकाकांकडे बघितलं. सुतारकाका म्हणाले की इतकी वर्षं मी घरचे खिळे इथे आणतोय, ते आधी मोजून घे.

दोन संस्था पुढे आल्या. एक होती मोठ्या हॉस्पिटलची सेवा संस्था. तिने मंडळाचं पत्र मिळाल्याबरोबर आपला स्टोअरकीपर पाठवला. मुलगा तरुण, सभ्य, हातात लांबलचक तक्ता. मग मंडळाच्या लोकांनी जे केलं ते त्यांनीच करावं. आपला तो बाब्या म्हणतात ना, तसं झालं. सिस्टर एरवी मोजकं बोलणारी, पण तिने पलंगाचा कवळीचा कप्पा चार वेळा उघडून दाखवला. सुतारकाका कुबडीची बॅटरी लावून कोपऱ्यात उजेड पाडत होते. हिशेबनीस स्वतः कमोडच्या खुर्चीत बसला आणि तिच्या खिशातून वर्तमानपत्र काढून वाचायला लागला. मुलगा प्रत्येक गोष्ट नीट बघत होता आणि लिहून घेत होता. केवढं मनापासून बघतो आहे, असं सगळ्यांना वाटलं.

निघताना त्याने तक्त्याची एक प्रत दिली. दाखवलेली एकूण एक सोय 'दोष' या रकान्यात गेली होती.

तो समजुतीनेच म्हणाला की काळजी करू नका, हे सगळं जोडकाम आम्ही काढून घेऊ आणि वस्तू कंपनीने दिल्या होत्या तशा करून घेऊ. सुतारकाकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

डॉक्टरांचं मत मात्र हॉस्पिटलच्याच बाजूने पडलं, आणि धाकटीला त्यांचं म्हणणं खोडून काढता येईना. आरसा फुटून उद्या कुणाला लागलं तर जबाबदार कोण? हॉस्पिटलला विचारणारे असतात, आपल्याला कुणी विचारलं नाही हे आपलं नशीब. शिवाय हॉस्पिटल उद्याही असणार आणि आपण सगळे गेल्यावरही असणार. "माणसाचा उत्साह लोखंडापेक्षा लवकर गंजतो, चिटणीसबाई," ते म्हणाले. "हाडं जोडण्यात जन्म गेला माझा, मी बघितलंय." हिशेबनीस त्यांच्या बाजूला होता.

दुसरी संस्था नदीपलीकडच्या गावातली. ती चालवणारी बाई बस डेपोत मेकॅनिक होती. तिने आणि तिच्यासोबतच्या काहीजणींनी एका बंद गॅरेजात हेच काम सुरू केलं होतं, तेही मंडळाचं बघून, अटीसकट. रीतसर नोंदणी केली होती. गॅरेज छोटं होतं, पण जमीन कोरडी आणि छत पक्कं. धाकटी स्वतः जाऊन भिंतींना हात लावून आली होती.

गॅरेजवाली कामावरून तशीच आली, बोटांना ग्रीस घेऊन. तिने तक्ता आणला नव्हता. बूट काढून ती सरळ पलंगावर आडवी झाली, वर झाली, खाली झाली, कूस बदलून बघितली. प्रत्येक वस्तूपाशी तिचा एकच प्रश्न होता, हे कुणी केलं? मंडळाने नावं कधी लिहून ठेवली नव्हती, त्यामुळे उत्तर असायचं, एका न्हाव्याने, एका आजीने, शाळेतल्या शिपायाने. एका पलंगाच्या कडेला पाण्याच्या बाटलीसाठी लोखंडी कडं होतं. ते बघून ती हसायलाच लागली. ते तिनेच केलेलं होतं, वडिलांच्या आजारपणात. मधल्या काळात कुणीतरी ते ताणून जरा मोठं केलं होतं.

"बरं केलं," ती म्हणाली. "माझं घट्टच झालं होतं. बाबा रोज शिव्या घालायचे."

सिस्टर आणि सुतारकाका यांचं मत तिथेच ठरलं. धाकटीचंही ठरलंच होतं. निघताना गॅरेजवालीने विचारलं की कोणकोणत्या वस्तू अजून लोकांच्या घरी आहेत. धाकटीने एकेक सांगितलं, आणि शेवटी, एक खुर्ची माझ्या बहिणीकडे आहे, हेही सांगितलं.

"ती कशाला हलवायची?" गॅरेजवाली म्हणाली. "नावावर आमच्या राहील आणि घरी ताईंच्या. लागेल तोवर राहू दे. तुम्ही माझ्या बाबांचं शेवटचं वर्ष सुखाचं केलंत हो बाई. एका खुर्चीची काय कथा."

ती मनापासून बोलली होती. सगळ्यांसमोर बोलली होती. आणि धाकटीचं तयार झालेलं मत तिथेच अडकलं.

हॉस्पिटलची संस्था फक्त आपल्याच रुग्णांना वस्तू देणार होती. म्हणजे वस्तू तिकडे गेल्या तर ताईची खुर्ची जाणार, आणि गॅरेजला गेल्या तर राहणार. दोन-दोन मतं पडली होती. पाचवं तिचं. पोरांच्या कितीतरी पिढ्यांना तिने शिकवलं होतं की वजन घेताना आपलं बोट पारड्याला टेकलेलं नाही ना ते आधी बघा. आता तिचंच बोट पारड्यावर होतं. गॅरेज तिला बरं वाटतं ते गॅरेजमुळे की खुर्चीमुळे? ती स्वतःला पुन्हा पुन्हा विचारायची, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच यायचं, पण त्या उत्तरावर तिचा विश्वास बसायचा नाही. लोक म्हणतील आपला हात जगन्नाथ, याची तिला तेवढी भीती नव्हती. आपणच आपल्याला तसं म्हणू, याची होती.

हिशेबनिसाने तिला बाजूला घेऊन सुचवलं की ज्याचा संबंध येतो त्याने मत न देणं हेच शहाणपणाचं. तेही तिला पटलं. पण तिने मत दिलं नाही तर डॉक्टरांचं मत निर्णायक ठरणार, म्हणजे हॉस्पिटल. मग न्हाव्याचं कापड उसवलं जाणार, खाचा बुजणार, कडं कापलं जाणार. गप्प बसणं हेसुद्धा मतच होतं, आणि ते तिच्या मनाविरुद्धचं होतं.

पहिल्या बैठकीत ती म्हणाली की विचार करून सांगते. दुसऱ्या बैठकीत म्हणाली की जरा थांबा. डॉक्टर थांबले. सुतारकाकांनी तिच्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे बघितलं. कुणी एका शब्दाने टोकलं नाही, आणि त्यानेच तिला जास्त ओशाळल्यासारखं झालं. या माणसांनी इतकी वर्षं तिच्या शब्दावर चाव्या सोपवल्या होत्या.

ताईला ती यातलं काही बोलली नव्हती. पण ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेली. गावातली बातमी तिला चुकवून कुठे जाणार? सिस्टरचा फोन आला असावा. धाकटी भाजी घेऊन घरी आली तर ताई दाराकडे तोंड करून बसली होती.

"माझ्या बुडाखालच्या खुर्चीवरून गावाचे पलंग अडलेत म्हणे," ताई म्हणाली.

धाकटीने पिशवी खाली ठेवली. सिस्टर काहीतरी वाढवून सांगते, असं ती पुटपुटली.

"सिस्टर काही वाढवत नाही. तूच लपवतेस. ताकाला जाऊन भांडं कशाला? बोल काय ते."

मग धाकटीने सगळं सांगितलं. स्टोअरकीपरचा तक्ता, बाटलीचं कडं, दोन-दोन मतं, पारडं आणि बोट. ताईने मध्ये तोंड घातलं नाही. एक्स्चेंजमध्ये तिची ख्याती होती की जोडून दिलेल्या माणसांचं बोलणं ती कधी तोडायची नाही. सगळं संपल्यावर तिने विचारलं:

"ही खुर्ची आपल्याकडे नसती, तर तुझं मत कुणाला होतं?"

"गॅरेजला."

"मग नाही असं समज."

"असं कसं समजू? ती आहे. तू बसली आहेस तिच्यात."

"मग उठते," ताई म्हणाली.

आणि उठली. उजवा तळहात त्या उंच हातावर टेकवला, श्वास घेतला, आणि रोजच्यासारखी सरळ उभी राहून तिने खिडकीचा गज धरला. "ने," ती म्हणाली. "बघतेस काय? तुझं बोट माझ्या बुडाखाली अडकलंय, ते काढून घे आणि मोकळी हो."

धाकटी म्हणाली की हा हट्ट झाला. दुसऱ्या खुर्चीतून तुला उठता येणार नाही. ताई म्हणाली की ते दुसरी खुर्ची आल्यावर बघू. आणि वर म्हणाली, "मी तुझ्याकरता देत नाहीये, उगाच फुगू नकोस. मला इतकी वर्षं वाटायचं की मी माझ्या जिवावर उठते. कसली माझ्या जिवावर! कुणाचा तरी बाप उठत नव्हता म्हणून कुणीतरी फळी बसवली, आणि मी आयती उठत राहिले. कोण ते मला ठाऊकसुद्धा नाही. त्याला भेटून सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. आता निदान खुर्ची तरी अडवून बसायला नको."

दुसरी खुर्ची बाजारातून आली. नवी, चकचकीत, दोन्ही हात अगदी एका पातळीत. ताई तिच्यात बसली. मग उठायला गेली. तळहात टेकला, खांदा वर गेला, आणि ती अर्ध्यात थांबून पुन्हा खाली बसली. दुसऱ्यांदाही तसंच. धाकटीने हाताखाली एक पुस्तक ठेवून बघितलं, ते सरकलं. टॉवेलची घडी ठेवली, ती दबली. सुतारकाका येऊन बघून गेले. पट्टी बसवता येईल, पण नव्या खुर्चीची नळी वेगळी आहे, खटपट करावी लागेल, असं म्हणाले. आपले स्वतःचे हात आता कापतात हेही त्यांनी सांगितलं, हवापाण्याचं सांगावं तसं. पुतण्याकडून करून घेईन, पण त्याला वेळ लागेल.

ते गेल्यावर ताई नव्या खुर्चीतच बसून होती. अपघातानंतर कुणी आधार द्यायला पुढे झालं की ती हात झटकून टाकायची. एका परिचारिकेच्या हातावर तिने चक्क चापट मारली होती. धाकटी कधीच पुढे झाली नाही याचं कारण तेच होतं.

"मोजपट्टी," ताई म्हणाली.

"काय?"

"हात दे."

धाकटीने हात पुढे केला. ताईने तो मनगटाच्या वर पकडला आणि आपलं वजन त्याच्यावर टाकलं. धाकटीला वाटलं होतं त्यापेक्षा ते बरंच कमी होतं. ताई उभी राहिली, खिडकीपाशी गेली, आणि बाहेरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली की तुझा हात जरा खडबडीत झालाय, काहीतरी लावत जा.

खुर्ची परत करायची तर मंडळाची अट ताईलाही होतीच. आतापर्यंतच्या सगळ्या सोयी बसणाऱ्यासाठी होत्या. ताईने पाठीमागच्या ढकलायच्या दोन मुठींना जाड लोकरीचं विणून आवरण चढवलं, धुता यावं म्हणून बटणं लावून. धाकटीने कारण विचारलं नाही. थंडीत त्या मुठी कशा लागतात ते तिच्याएवढं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

शेवटच्या बैठकीला ताई स्वतः आली. नव्या खुर्चीत ती आणि मागे धाकटी. जुनी खुर्ची सुतारकाकांचा पुतण्या आधीच घेऊन आला होता. छापखान्यामागच्या त्या खोलीत ताई कधी आली नव्हती. तिने सगळं सावकाश बघून घेतलं. भिंतीला टेकून उभे केलेले पलंग, आकड्यांना लटकणाऱ्या कुबड्या, एकात एक घुसवलेले वॉकर. नाकाने वासही घेतला. तेलाचा, रबराचा आणि छापखान्यातून येणाऱ्या शाईचा.

डॉक्टरांनी जुनी खुर्ची रांगेत उभी असलेली बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. या बाईचं हाड त्यांनीच जोडलं होतं, आणि ही खुर्चीही त्यांनीच स्वतः ढकलत तिच्या दारी नेली होती.

"ताई, ही का आणलीत?" त्यांनी विचारलं. "कुणी मागितली होती का?"

"काम झालं माझं," ताई म्हणाली. "आणि तुमच्या चिटणीसबाईंचं अडलं होतं."

हिशेबनीस खुर्चीभोवती फिरला, वाकून त्याने मुठींवरची लोकर चाचपली, आणि कुणाकडे न बघता यादीत 'परत आली' असं लिहिलं. सिस्टरने नव्या खुर्चीच्या हातावर नजर टाकली, मग ताईच्या खांद्यावर. तिला न सांगताच सगळं कळलं. ती उठून धाकटीशेजारी येऊन बसली.

धाकटीने बोलायचं ते आदल्या दिवशी मनाशी घोळवून ठेवलं होतं. ती उभी राहिली. आमच्या घरात आता मंडळाची एकही वस्तू नाही, हे टिपणात लिहून घ्या, असं तिने सांगितलं. वस्तू कुठेही गेल्या तरी या खुर्चीसाठी आमच्या घरून मागणी जाणार नाही, हेही लिहून घ्या. मग तिला पुढचं आठवेना. तिने चौघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. तिला आभार मानायचे होते. वाट बघितल्याबद्दल, न टोकल्याबद्दल, आणि तिच्या घरी एक बाई इतकी वर्षं आपली आपण उठत होती त्याबद्दल. पण आभाराचे सगळे शब्द तिला छापील वाटले, म्हणून ती नुसती उभी राहिली. सुतारकाकांनी मान हलवली, जणू सगळं ऐकलं.

मग डॉक्टर म्हणाले की माझं मत मी बदलत नाही. ते मी विचार करून दिलंय, आणि चिटणीसबाईंना भीड पडू नये म्हणून ते बदललेलं त्यांनाही आवडणार नाही. धाकटी म्हणाली की नाही आवडणार. दोघंही हसली. इतकी वर्षं दोघांचं पटत आलं होतं ते याच्यावरच.

"तर मग दोन विरुद्ध दोन," डॉक्टर म्हणाले. "एक हॉस्पिटल, एक गॅरेज. चिटणीसबाई, तुम्ही दोनदा मुदत मागितलीत. आज सांगता?"

पलीकडे छापखान्यातलं यंत्र चालू होतं, त्याची एकसारखी धडधड जमिनीतून पायांना जाणवत होती. धाकटीने एकदा स्वतःच्या आत डोकावून बघितलं. पारडं मोकळं होतं.

"गॅरेजला," ती म्हणाली. "सगळं गॅरेजला. पलंग, खुर्च्या, कुबड्या, आहेत तशा. एकही स्क्रू न काढता."